बीज १९५६

निपाणीच्या कॉलेजात, संख्याशास्त्राच्या खोलीत
तीन मशीन आहेत, तिघांची तीन तऱ्हा.
खिडकीजवळचं विंडोज, त्याच्या कीबोर्डात
तंबाखूची भुकटी सापडते, कारण मागं वखार आहे.
बसगोंडानं स्वतः घातलेलं उबुंटू.
आणि बंगळूरच्या प्रकल्पातून आलेला एक मॅक,
त्याच्यावर आम्ही अजून टॉवेल झाकून ठेवतो.

तिघांवर 'आर' नव्यानं चढवायचं होतं.
तीन पॉइंट पाचवर पाच वर्षं काढली,
चालत होतं, आणि चालत्याला कोण हात लावतो?

विंडोजवर नवं आलं ते जुन्याच्या शेजारी बसलं.
जुनं हललं नाही.
नव्याचं कपाट रिकामं, एकेक पॅकेज
पुन्हा नावानं हाका मारून बोलवावं लागलं.
मॅकनं जुनं उचलून कुठं टाकलं कळलंही नाही,
आधी एवढंच विचारलं, चिप कुठली तुझी?
इथं एस्टीत शेजारचा विचारतो ना,
मराठी काय कन्नड, तसं, सहज.
उबुंटूला आधी किल्ली, मग पत्ता, मग परवानगी,
मग दीड तास ओळी पळत राहिल्या,
दाणे दळण्यापासून स्वयंपाक चाललाय जणू,
आणि शेवटी कुठलीशी एक लायब्ररी मिळेना.
"स्वल्प तडी," म्हणाला बसगोंडा
आणि चहाला गेला.
पावणेचारला लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली.
बिड्या वळणाऱ्या सहाशे बारा बाया,
गल्ली, वय, दिवसाला किती वळतात.
विंडोजवर नावाच्या रकान्यात आजवर
कंसातलं काहीतरी यायचं, यू अधिक शून्य नऊ दोन आठ,
म्हणून आम्ही नंबरानं बोलायचो.
आता नावं आली. एकाखाली एक,
मराठीतली मराठीत, कन्नडमधली कन्नडमध्ये,
जिनं जशी सांगितली तशी.
भारताक्का घस्ते. निंगव्वा. हुसेनबी.
बसगोंडा वाचता वाचता थांबला.
तीनशे सात ही त्याची घरमालकीण निघाली.

मग चाळीसजणी निवडायची ती ओळ चालवली,
ज्यांच्याकडून नळीत फुंक मारून घेतली होती आम्ही.
चिठ्ठ्यांचं बीज चिकोडे सरांनी घातलेलं, १९५६.
का, असं एका मुंबईच्या पोरीनं विचारलं तेव्हा हसले होते.
इथलं कुणी विचारत नाही.
बीज तेच, तर यादीही तीच यायला हवी.
तिन्ही मशीनवर एकच यादी आली,
आणि ती आमची नव्हती.

मधल्या कुठल्याशा आवृत्तीत
चिठ्ठी उचलायची रीतच बदलली होती.
जुन्या रीतीत हात जरा एका बाजूला जायचा म्हणे,
फार नाही, केसभर.
एक शब्द लिहिला की जुनी रीत परत येते.
कुरकुरते, लाल अक्षरात इशारा देते, पण येते.
लिहिला. चाळीसजणी परत आल्या, अहवाल जुळला.
तळटीपेत आवृत्ती घातली, दोन्ही भाषांत.

नवी यादी मात्र पुसवेना.
तीत सतरावी गौराक्का,
पाच वाजता सुपात बिड्या घेऊन
आमच्या गेटवरूनच जाते ती.

शनिवारी मशीन आणि नवी नळी घेऊन गेले.
"एवढी वर्षं न्हाई, आणि आजच कशी आली पाळी?"
काय सांगणार. म्हटलं, कम्प्युटर बदलला अक्का.
"मग जुन्यात मी नव्हतो व्हय?"
होतीस की, म्हटलं, कंसात होतीस.
तिला कळलं नाही. मलाही नीट सांगता आलं नाही.
सूप बाजूला सारून तिनं नळी धरली.
पहिल्या दोन्ही वेळा खोकलाच आला.
तिसऱ्यांदा एक पॉइंट सहा.
वेगळ्या फाईलीत लिहून ठेवलंय,
कुठल्याच अहवालात जाणार नाही.
नावासकट.